‘आभासी वास्तव’ आणि ‘संवर्धित वास्तव’

मूर्तिजापूरकडच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय : ‘आभासी वास्तव’ (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे हेडसेट डोळ्यांवर चढवून दिसणारं संगणकी जग) शिकवताना पोरं अडवतात, आभास आहे तर ते वास्तव कसं? आणि ‘संवर्धित वास्तव’ (ऑग्मेंटेड रिअॅलिटी, म्हणजे समोरच्या दृश्यावर संगणकाची चित्रं) म्हटलं की त्यांना पशुसंवर्धन आठवतं. दुसरे शब्द नाहीत का?

ताई, पहिल्या शब्दाची मी बाजू घेईन. ‘आभास’ला मराठीत खोटेपणाची छटा आहे खरी, हेत्वाभास (वरवर पटणारा पण चुकीचा युक्तिवाद) त्यातूनच आला. पण हा ‘आभासी’ तुमच्याच विज्ञानाच्या पुस्तकातला आहे. पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा, आरशातली ती आभासी. आरशातला चेहरा खोटा नसतो. दिसतो तिथे नसतो, एवढंच. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दोन आरशांतून दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली आणि सपाट कागदाला खोली आली. आजच्या हेडसेटमध्येही डोळ्यांपुढचा इवलासा पडदा भिंगातून मोठा नि लांब दिसतो, तीही आभासी प्रतिमाच. म्हणून हा शब्द बदलू नये. (फ्रेंच नाटककार आंतोनँ आर्तो याने १९३८ साली हा शब्दप्रयोग चक्क रंगभूमीसाठी केला होता. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहिलेल्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. संगणकवाल्यांत तो जॅरन लॅनियर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८० च्या दशकात रुळवला.)

‘संवर्धित’बद्दल मात्र पोरांचंच बरोबर आहे. संवर्धन म्हणजे जोपासना, आणि इथे जोपासना कशाचीच नाही. १९९० च्या सुमारास विमानं बनवणाऱ्या बोइंग कंपनीतल्या टॉम कॉडेलने हे इंग्रजी नाव दिलं, ते विमानाच्या वायरी जोडणाऱ्या कामगारांसाठी : समोरचं काम दिसत राहावं आणि त्यावरच आकृती उमटावी. आयव्हन सदरलँड या संगणकशास्त्रज्ञाच्या १९६८ च्या, डोक्यावर चढवायच्या यंत्रातही समोरची खरी खोली दिसायची आणि तिच्यात रेषांचा घन तरंगायचा. समोरचं आहे तसं राहतं, त्याला जोड मिळते.

म्हणून मी ‘जोडवास्तव’ सुचवतो. जोडधंदा गावात सगळ्यांना ठाऊक आहे : शेती सुटत नाही, सोबत दोन म्हशी येतात.

शेजारच्या पोरीने परवा फोनमधून अंगणात वाघ उभा केला. तिची आजी तूरडाळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिने फोनमध्ये पाहिलं, मग अंगणात पाहिलं, पुन्हा फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, “आंगन त आपलंच हाये वं, वाघ तेवढा वरून आनला.”