रिक्रूटरला पहिला मेसेज करताना

अरे, "सर, काही इंटर्नशिप असेल तर सांगा" एवढंच लिहून पाठवू नकोस. मग तुझ्याबद्दल सगळं समोरच्यानेच शोधायचं, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. लिंक्डइनवर ओळख जोडायच्या (कनेक्ट) विनंतीसोबत तशाही दोन-तीन ओळीच मावतात. त्यात नेमकं लिही: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जून-जुलै मोकळा आहे, पायथॉनमध्ये अमुक प्रोजेक्ट केलाय, ही गिटहबची (जिथे कोड ठेवलाय त्या साइटची) लिंक, तुमच्या डेटा टीममधल्या जागेसाठी विचारतोय. रिझ्युमे एका पानाचा, पीडीएफमध्येच. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण कर, मग थांब. आणि कॉलेजकडून एनओसी, म्हणजे इंटर्नशिपला हरकत नसल्याचं पत्र, कधी मिळेल ते आधीच विचारून ठेव. माझी हातातली संधी त्या एका कागदापायी गेली, अजून रुखरुख वाटते.