सायकलला पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), तरी चेन का उतरते?

आरेच्या खड्ड्यांत चेन उतरली म्हणून लगेच चेन गाइड (चेन निसटू नये म्हणून चेनरिंगपाशी बसवायचा भाग) घ्यायला धावू नकोस. आधी मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारी सोय, बघ. शिमानो कंपनीच्या जीआरएक्स गिअर-संचावर त्याची छोटी खटकी असते. चाक काढताना ती बंद करतात आणि पुन्हा चालू करायला विसरतात. बहुतेकदा घोळ इथेच असतो.

मग चेनची लांबी. चेन डिरेलरमधून न ओवता चेनरिंग आणि कॅसेटची (मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाची) सर्वांत मोठी चकती यांवरून ताणून धर. टोकं जुळतात त्यापुढे डिरेलरच्या कंपनीने सांगितल्या तेवढ्याच कड्या जास्त ठेव. लांब चेन हेलकावते.

चेनरिंगचे दात एकाआड एक जाड-बारीक असतात. जाड दात बाहेरच्या रुंद कडीतच बसायला हवा. एका दाताने चुकलं तर चेन वरच तरंगते आणि पहिल्या धक्क्याला निसटते. पावसाळ्यात दातांच्या मुळाशी चिखल घट्ट बसूनही हेच होतं. जुना टूथब्रश पुरतो.

अकरा-बारा स्पीडची (मागे तितक्या चकत्या असलेल्या सायकलची) चेन झीज मोजायच्या गेजवर ०.५ दाखवू लागली की बदल. दात हुकासारखे झाले असतील तर चेनरिंगही गेली समज.

इतकं करूनही उतरली, तरच गाइड. दोन्ही बाजूंना १-२ मिलिमीटर मोकळीक ठेव, आणि सगळे गिअर फिरवून घासत नाही ना ते बघ.