अर्ध्या पगारात अर्धवेळ काम मिळतंय, घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातच एका फर्ममध्ये अकाउंट्सला आहात, पगार २७ हजार, बाळंतपणाची रजा संपत आली. मालक म्हणतात दहा ते दोन या, साडेतेरा देतो. आणि घरचे म्हणतात, अर्ध्या पगारावर राबण्यापेक्षा पूर्ण वेळ जा, बाळाला बाई ठेव.

घ्या, ताई. कागद करून घ्या, पण घ्या.

इथंच थांबलो असतो. पण ते 'बाई ठेव' वाचलं आणि डोकं फिरलं. हेच वाक्य माझ्या साडूनं मला २०१७ साली मेहुण्याच्या पोरीच्या साक्षगंधात, भर पंगतीत ऐकवलं होतं. साडू बँकेत आहे. त्याला हिशेब तोंडावर लागतो. "तुझे जाऊन राहिले साडेचौदा हजार. बाई येते नऊ हजारांत. म्हणजे महिन्याचे साडेपाच हजार तू नालीत टाकून राहिला." एवढ्यावर भागलं नाही. वाढप्याला हाक मारून म्हणतो, "अरे, आमच्या अर्धवेळ साहेबांना जिलबी अर्धीच वाढ." पंगत हसली. मीही हसलो, काय करता.

मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात डिस्पॅचला होतो, २००४ पासून. २०१७ च्या मार्चमध्ये आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको खासगी शाळेत, अकरा ते पाच. दुपारी घरात कोणी नाही. साडूला अजूनही वाटतं की मी बाई ठेवलीच नाही. दोन ठेवल्या. पहिली आठव्या दिवशी गेली. दुसरी चांगली होती, खरंच चांगली होती. पण आईकडे एकच अक्षर उरलं होतं, 'पा'. पाणीही पा, पाठही पा आणि पानही पा, कारण जेवणानंतर तिला जन्मभर पान लागायचं. पाण्याचा पा आखूड यायचा, पाठ दुखत असली की लांबायचा. पान हवं असलं की ती खिडकीकडे बघत पा म्हणायची, डॉक्टरांनी बंद केलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती बाई तिन्हींना पाणीच पाजायची. संध्याकाळी मी घरी आलो की चादर ओली आणि पाठीवर लाल चट्टा. त्या चट्ट्याचे पैसे साडूच्या साडेपाच हजारांत कोणत्या रकान्यात बसतात, ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

जुलैपासून मी साडेआठ ते दीड जाऊ लागलो. २९ हजारांचे साडेचौदा झाले.

आता माझ्या घोडचुका ऐका, कारण तुमच्या कामाचं त्यातच आहे.

डिस्पॅचचं काम सकाळी नसतंच मुळी. माल पॅक होईस्तोवर दुपार होते, गाड्या लागतात तीन-साडेतीनला. मी दीडला गेटबाहेर. दोन महिने गार्ड रोज विचारायचा, "काय भाऊ, तब्येत बरी नाही का? लवकर निघून राहिले." तिसऱ्या महिन्यात विचारणं थांबलं, फोन सुरू झाले. पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं, म्हणजे माल गाडीनं पाठवण्याआधी सरकारी पोर्टलवर काढायचा नंबर, आंतरराज्य मालाला एप्रिल २०१८ पासून आणि राज्यातल्या मालाला मे अखेरीस. नंबर निघाल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाला बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडेना. पासवर्ड माझ्याकडे. एका हातानं आईचा हात वर-खाली करून देतोय, दुसऱ्या हातात फोन, आणि तिकडून पोट्टा ओरडतोय, "भाऊ, गाडी उभी आहे, ड्रायव्हर शिव्या देऊन राहिला." एका महिन्यात दीड वाजल्यानंतरचे ४१ फोन मोजले होते. त्या ४१ फोनांचा पगार कुठल्याच स्लिपवर नव्हता.

तुमचं काम अकाउंट्सचं, म्हणजे माझ्यापेक्षा बरं. ते कापता येतं. पण दर महिन्याला भरायच्या शेवटच्या तारखा बघा: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण, १५ ला पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विमा, २० ला जीएसटीचंच ३बी. या चार दिवशी दोन वाजता खुर्चीवरून उठता येणार आहे का? मालकाला तास किती ते विचारत बसू नका, ते ते आनंदानं सांगतील. माझ्याकडून कोणतं काम काढताय आणि कोणाला देताय, हे विचारा. त्या माणसाचं नाव मालकाला सांगता आलं नाही तर समजा काम सगळं तुमच्याचकडे आहे, फक्त पगार अर्धा.

वेळेचंही बघा. पगार अर्धा होतो, रस्ता अर्धा होत नाही. मी नंदनवनहून हिंगण्याला गाडीनं जायचो, त्यात मेट्रोचं खोदकाम. पेट्रोल पूर्वीइतकंच जळायचं. आणि मे महिन्यात दीडच्या उन्हात, पारा ४५ वर, दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून घरी. तुमचं घर लांब असेल तर दहा ते दोनच्या ऐवजी नऊ ते एक मागून बघा. नागपूरच्या मालकाला मे महिना समजावून सांगावा लागत नाही.

आता ग्रॅच्युइटी. ही माझी दुखरी नस, जरा सविस्तर सांगतो. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना कंपनीनं द्यायची रक्कम. माझ्या वेळी ती निघायची शेवटच्या बेसिक आणि डीएवर, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, गुणिले १५ भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. नीट वाचा, *शेवटच्या*. माझं बेसिक-डीए होतं १८,२००, म्हणजे वर्षाला १०,५०० रुपये. अर्धवेळ झालो तसं बेसिक झालं ९,१००, म्हणजे वर्षाला ५,२५०. मला वाटलं, आधीची तेरा वर्षं जुन्या भावानं धरतील, नंतरची चार नव्या. २०२१ मध्ये नोकरी सोडली तेव्हा सतराच्या सतरा वर्षं ५,२५० नं मोजली. हाती आले ८९,२५०. माझ्या मनातल्या हिशेबानं १,५७,५०० यायला हवे होते. भांडायला गेलो तर त्यांनी कायदा पुढे केला, आणि कायदा त्यांच्या बाजूनं होता. नोकरीत असताना अपंगत्व आलं आणि त्यामुळे पगार घटला, तर तेव्हाच्या १९७२ च्या कायद्यात दोन काळांचे दोन भाव धरायची सोय होती. आई अपंग झाली तर नव्हती.

पण कायदा कंपनीला जास्त द्यायला अडवत नाही. म्हणून आधीच्या वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या बेसिकवर धरू, हे एक वाक्य पत्रात घालून घ्या. नाहीतर पाच वर्षं भरली असतील तर रीतसर राजीनामा देऊन हिशेब हातात घ्या आणि नव्या पत्रावर नव्यानं लागा. तसं केलं असतं तर मला तेव्हाच १,३६,५०० मिळाले असते. मात्र दुसऱ्या पारीची पाच वर्षं पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात, ते ध्यानात ठेवा. पीएफही अर्ध्या बेसिकवर कापला जातो, आणि पीएफच्या पेन्शनला शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी धरतात, त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर अर्धवेळ होणं महाग पडतं. तुमचं वय बघता तो प्रश्न आज नाही.

थोडं चांगलंही घडतं. पगार २१ हजारांच्या आत आला आणि फर्मला ईएसआय लागू असेल तर तुम्ही त्यात येता, कापले जातात पाऊण टक्का, म्हणजे तुमच्या पगारावर शंभरच्या आसपास, आणि बाळाचा दवाखाना त्यात येतो. मी त्यात आलो तशी आईची बीपी-शुगरची गोळी दवाखान्यातून मिळू लागली, ती महिन्याची मोठी ओढ सुटली. बायकांना २५ हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तेही वर्षाचे अडीच हजार वाचले.

परत पूर्ण वेळ कधी, हेही मी लिहून घेतलं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये आई गेली. तेरवी आटोपून मी साहेबांकडे गेलो, म्हटलं आता पूर्ण दिवस येतो. ते म्हणाले, जागा कुठाय? फोनवर ओरडणारा तो पोट्टा तोवर डिस्पॅच इनचार्ज झाला होता. त्याचा राग नाही, मीच तर शिकवलं त्याला. जुलैत मी सोडलं. आता वाडीला एका गोदामात आहे, पूर्ण वेळ. तुमच्या पत्रात तारीख घाला, अमुक महिन्यांनी पूर्ववत किंवा फेरविचार. तारीख नसली की तात्पुरतं ते कायमचं होतं.

चेक घेऊन घरी आलो त्या रविवारी साडू आला होता. ८९ हजारांचा आकडा ऐकून म्हणाला, "मी म्हटलं होतं ना." काय म्हटलं होतं? बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं भर पंगतीत बाईचा भाव काढला, जिलबी अर्धी केली, पण १५ भागिले २६ हे तोंडातून काढलं नाही. कारण त्यालाही माहीत नव्हतं. हे मी त्याला तोंडावर म्हटलं नाही, बायकोच्या बहिणीचं घर आहे. इथं म्हणून घेतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याचं गणित तसं चूक नव्हतं. माझं घर वडिलोपार्जित, हप्ता नाही, वर बायकोचा पगार. घराचा हप्ता चालू असेल आणि तो तुमच्याच पगारातून जात असेल, तर माझं वरचं 'घ्या' विसरा आणि सरळ बाई बघा. बाळ ही आजारी म्हातारी नव्हे, ते रडून सगळं सांगतं, आणि दर महिन्याला थोडं मोठं होतं. माझ्याकडे उलटं होतं. आणखी एक. फर्ममध्ये ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते, आईला दिवसातून चारदा जाऊन बघता येतं. २०१७ च्या दुरुस्तीपासून आहे ते. अर्ध्या पगाराला हो म्हणण्याआधी हे एकदा विचारून बघा. मालकाचा चेहरा पडेल, पडू द्या.

आणि शनिवारचं विचारा. मी विचारलं नव्हतं. पत्रात 'सोमवार ते शुक्रवार साडेआठ ते दीड' एवढंच होतं, आणि चार वर्षं शनिवारी मी पाच वाजेपर्यंत थांबलो.