शेजारच्या प्लांटवाल्यांशी ओळख ठेव

एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, नवीन लागला आहेस, तर पहिला महिनाभर पॅनेलपेक्षा एरेशन टँककडे (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) जास्त बघ. रोज ठरलेल्या वेळी तिथलं पाणी 1 लिटरच्या सिलिंडरमध्ये भर आणि 30 मिनिटं हलवू नकोस. गाळ 300 मिलीवर बसला आणि एमएलएसएस (टँकच्या पाण्यात किती गाळ आहे, मिलिग्रॅम प्रति लिटर) 3000 असेल, तर एसव्हीआय (गाळ कसा बसतो ते सांगणारा आकडा, 300 × 1000 ÷ 3000) 100 येतो, म्हणजे गाळ छान बसतोय. वरचं पाणी नितळ की गढूळ, तेही वहीत लिही.

आसपासच्या ऑपरेटरांशी बोलत राहा. एका पावसाळ्यात आमचा गाळ वाहून गेला, तेव्हा शेजारच्या प्लांटवरच्या दादांनी दोन टँकर जिवंत गाळ (सांडपाणी साफ करणारे जिवाणू असलेला) दिला, वर स्वतः येऊन रिटर्न पंप (बसलेला गाळ एरेशन टँकमध्ये परत पाठवणारा) किती चालवायचा तेही समजावलं. ट्रेनिंग मिळालं तर सोडू नकोसच, पण महिन्यातून एकदा एकमेकांच्या प्लांटवर जा, वह्या ताडून बघा.

आणि वेट वेलमध्ये (पंपाआधी सांडपाणी जमतं त्या खड्ड्यात) कधीच एकट्याने उतरू नकोस. तिथला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, वाढला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. गॅस मीटर नसेल, तर साहेबांना सरळ नाही म्हण. मी तुझ्या पाठीशी आहे.