घरच्या कॉम्प्युटरला क्विक हील अँटिव्हायरस विकत घेऊ की विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर पुरे?

डिफेंडर पुरे.

तुम्ही लिहिलंय की विंडोज 10 आहे, मुलगा नववीत आहे, गेम खेळतो, त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता आणि घरचे म्हणतात 'फुकटचं ते फुकटचंच'. हे शेवटचं वाचलं आणि राहवेना. हेच वाक्य मी दर दिवाळीला आमच्या साडूंकडून ऐकतो. साडू पुण्याला असतात, आयटीत आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

2019 च्या दिवाळीत सगळे आमच्याकडे इंदूरला, रामबागेत जमले होते. माझ्या पीसीवर तेव्हा पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस होता. सिल्वर मॉलमधून बॉक्स आणला होता. (नाव सांगत नाही. क्विक हील नव्हता, आणि दोष त्याचा नव्हताच.) साडूंच्या चिरंजीवांना, वय पंधरा, व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर फुकटात हवं होतं. क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवून देणारी चोरटी फाईल, डाउनलोड केला. अँटिव्हायरसने लाल चौकट दाखवून फाईल उडवली. पुन्हा केला, पुन्हा उडवली. मग पठ्ठ्याने क्रॅकसोबत आलेली सूचना वाचली. पहिलीच ओळ: आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला.

थोड्या वेळाने मी खोलीत डोकावलो तर 'विंडोज अपडेट होत आहे' अशी खिडकी आलेली. मीच त्याला म्हणालो, "अपडेट आहे, हात लावू नकोस," आणि सगळे सराफ्याला, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, निघालो. ती खिडकी खोटी होती. आम्ही तिकडे भुट्ट्याचा कीस खात होतो तेव्हा इकडे फाईलींना कुलपं लागत होती. स्टॉप-डिजेव्हू नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, त्या काळात अशाच क्रॅकमधून पसरायचं. रात्री येऊन बघतो तर प्रत्येक फोटोच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट, आणि फोल्डरमध्ये चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांत संपर्क केलात तर 490. आमच्याकडच्या सेलसारखी निम्मी सूट!

दिले नाहीत. त्याच सुमारास एम्सिसॉफ्ट कंपनीने याची फुकट किल्ली काढली होती, पण ती जुन्या प्रकारांना लागायची. आमचा नवा निघाला. बारा वर्षांचे फोटो गेले, वंशावळ टाईप करून ठेवली होती ती गेली. एक गोष्ट वाचली. हे रॅन्समवेअर घाईत असतं, फाईलचे सुरुवातीचे साधारण 150 केबीच खराब करतं. आईची मंगळागौरीची गाणी मी चाळीस मिनिटं एमपी3 मध्ये घेतली होती. शेपूट काढून व्हीएलसी प्लेयरमध्ये टाकली आणि वाजली. सुरुवातीचे नऊ-दहा सेकंद तेवढे नाहीत. त्यात आई विचारत होती, "सुरू झालं का रे?"

पोरगं रडकुंडीला आलं होतं. "काका, बाबांना सांगू नका." नाही सांगितलं, आजतागायत. म्हणून साडू आजही सगळ्यांसमोर म्हणतात, "मी सांगितलं होतं टोटल सिक्युरिटी घ्या, तुम्ही साधा घेतलात." अहो, साध्यानेच दोनदा पकडलं होतं! घरच्यानेच बंद केल्यावर टोटल काय आणि साधा काय.

तर तुमचं. डिफेंडर विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, विंडोजमध्येच येतो. सुरुवातीला रडका होता हे खरं. नंतर सुधारला, जर्मनीच्या एव्ही-टेस्टच्या चाचण्यांत त्याला पूर्ण गुण बरेचदा मिळालेत. क्विक हील आपल्या काटकर बंधूंची, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली कंपनी. त्याचा अभिमान मलाही आहे, फोनवर आपल्या भाषेत मदत करणारं कुणी हवं असेल तर जरूर घ्या. पण घेतलाच तर एकच ठेवा, दोन-दोन नकोत. एकमेकांच्या पायात पाय घालतात.

पैसे खर्चायचेच असतील तर फाईलींची दुसरी प्रत (बॅकअप) ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क घ्या. आणि मुलाला वेगळं स्टँडर्ड अकाउंट करून द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. मग डिफेंडर बंद करायला त्याला तुमच्याकडेच यावं लागेल. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शन आहे, ते आपोआप चालू नसतं, चालू करा. टॅली किंवा एखादा गेम 'सेव्ह होत नाही' म्हणून कुरकुरला तर त्याला परवानगी द्यावी लागते, तेवढी कटकट आहे.

हो, एक राहिलं आणि ते खरं तर आधी लिहायला हवं होतं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. डिफेंडरची व्हायरसची यादी 2028 पर्यंत येत राहणार आहे, पण विंडोजमधली भोकं बुजवणारे अपडेट नाहीत. ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदतवाढ सेटिंगमधून नोंदवता येते. मशीन 11 ला चालत असेल तर सरळ 11 करा. नेटबँकिंग करताय म्हणून सांगतो, कुठलाच अँटिव्हायरस न घेता मी आधी हे केलं असतं.

आणि हार्ड डिस्क बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवा. माझ्याकडेही होती. त्या रात्री ती पीसीलाच लावलेली होती, त्यामुळे तिच्यावरच्या फाईलींनाही तेच शेपूट. हे साडूंना माहीत नाही, तुम्ही पुण्याचे असाल तर कृपया बोलू नका.