एनटी-प्रोबीएनपी वाढलंय, आता पुढे काय? हार्ट फेल्युअरच्या रक्त तपासण्यांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, एनटी-प्रोबीएनपी ४२०० आलंय. रिपोर्टवर नॉर्मल १२५ च्या खाली लिहिलंय. म्हणजे आता फार दिवस नाहीत का?

नाही, असा अर्थ अजिबात काढू नका. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी हा पदार्थ रक्तात सोडतात, त्यामुळे आकडा ताण किती आहे ते सांगतो, आयुष्य किती उरलंय ते नाही. आकडा जास्त असलेल्या पेशंट्सना पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागण्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त असतो हे खरंय, पण ते हजारो पेशंट्सच्या गटाबद्दल खरं असतं, एकट्या तुमच्या बाबांचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. आणि १२५ ही रेषा आहे ती "हार्ट फेल्युअर (हृदयाला शरीराच्या गरजेपुरतं रक्त पोचवणं न जमणं) नसावं" असं म्हणण्यासाठी, ज्याचं निदान आधीच झालंय त्याने ती गाठलीच पाहिजे असं काही नाही. शिवाय वय, किडनीचा त्रास, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) या तिन्हींनी आकडा वर जातो. मी तरी आधी विचारेन की मागचा रिपोर्ट किती होता? ९००० वरून ४२०० वर आला असेल तर ती चांगली बातमी आहे, १५०० वरून चढला असेल तर लवकर डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅडमिट असताना आकडा ३० टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तर पुढची वाटचाल सहसा बरी असते, आणि उपचार करूनही तो हललाच नाही तर डिस्चार्जनंतर जास्त जवळून लक्ष ठेवावं लागतं.

प्रश्न : हार्ट फेल्युअरची साकुबिट्रिल-व्हालसार्टन ही गोळी सुरू केल्यावर दम कमी झाला पण बीएनपी वाढलं. गोळी बंद करू का?

कृपया स्वतःहून बंद करू नका! शरीरात नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम बीएनपी (एनटी-प्रोबीएनपीसारखाच हृदयावरच्या ताणाने वाढणारा पदार्थ) मोडतं, साकुबिट्रिल नेमकं त्यालाच अडवतं, त्यामुळे बीएनपी रक्तात जास्त टिकतं आणि तब्येत सुधारत असतानाही आकडा वर दिसू शकतो. एनटी-प्रोबीएनपी या एन्झाइमने मोडत नाही म्हणून या गोळीवर असणाऱ्यांनी तीच टेस्ट करावी. आणि एक, बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपीचे आकडे एकमेकांशी कधीच ताडून बघू नका, दोन्हींची मापं पूर्ण वेगळी आहेत (हा गोंधळ खूप घरांमध्ये होतो आणि उगाच सगळे घाबरतात).

प्रश्न : माझं वजन ११० किलो, पायाला सूज आहे, थोडं चाललं तरी दम लागतो, पण बीएनपी फक्त ८० आहे. मग हृदय ठीक ना?

तेवढ्यावरून ठीक म्हणता येणार नाही. लठ्ठपणात हे आकडे मुळातच कमी येतात, त्यामुळे १०० च्या आतला आकडा बघून निर्धास्त होऊ नका, विशेषतः पंपिंग नॉर्मल असूनही होणाऱ्या हार्ट फेल्युअरमध्ये. लक्षणं आहेत तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

प्रश्न : हृदयाचा आजार आणि डॉक्टर सोडियम, क्रिएटिनिन, फेरिटिन सांगतात. एवढं कशाला?

कारण या स्वस्त, साध्या तपासण्या पुढचं बरंच सांगून जातात आणि मला वाटतं लोक त्यांच्याकडे फारच कमी बघतात. सोडियम कमी असणं हे आजार पुढे गेल्याचं लक्षण असू शकतं. किडनीचं काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि युरिया चढत राहिले तर धोका वाढतो, पण हार्ट फेल्युअरचं औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं बऱ्याचदा चालतं, लगेच घाबरायचं नसतं, पोटॅशियम मात्र सोबत बघावंच लागतं. ट्रोपोनिन (हृदयाच्या पेशींना इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) हार्ट अटॅक नसतानाही किंचित वाढलेलं राहिलं तर पेशींना हळूहळू इजा होतेय असं समजतात. आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारा आकडा! हार्ट फेल्युअरमध्ये ते १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे ते) २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी आहे असं धरतात, मग हिमोग्लोबिन नॉर्मल का असेना. पंपिंग कमी असलेल्यांना अशा वेळी शिरेतून लोह दिलं तर थकवा कमी होतो, चालणं सुधारतं, लोहाच्या गोळ्यांनी तसा फरक पडत नाही. म्हणजे हा नुसता धोका सांगणारा आकडा नाही, त्यावर उपायही आहे, म्हणून मी त्याचा इतका आग्रह धरतो.

प्रश्न : एसटी२ आणि गॅलेक्टिन-३ या रक्त तपासण्या पण करून घेऊ का?

दोन्ही हृदयात तयार होणाऱ्या चट्ट्यांशी, म्हणजे फायब्रोसिसशी जोडलेले आहेत, एसटी२ ३५ च्या वर असलं तर धोका जास्त समजतात. पण रिपोर्ट आल्यावर औषध बदलणार आहे का हे आधी डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा उत्तर नाही असंच येतं.

प्रश्न : मग एनटी-प्रोबीएनपी दर महिन्याला करायचं का?

गरज नाही. २०१७ च्या गाइड-आयटी अभ्यासात आकडा १००० च्या खाली आणायचा म्हणून औषधं वाढवत नेली, पण नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. डिस्चार्जच्या वेळी एक असावा, म्हणजे तुलनेला आधार राहतो, नंतर औषधात मोठा बदल केल्यावर किंवा लक्षणं बदलल्यावर करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. रोज करायचं ते वजन, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, आणि ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.