वाचकांचे प्रश्न : ठाण्याच्या खाडीचे हे जलरंगचित्र कोणाचे?

प्रश्न : आमच्या नौपाड्यातील घरात आजोबांच्या काळापासून एक जलरंगातील निसर्गचित्र आहे. आकार साधारण १४ × २१ इंच. खाडीत शिडे उतरवलेले दोन पडाव, पुढे उघडा पडलेला चिखल, मागे दगडी कमानींचा पूल, पुलावर धुराचा फराटा आणि त्याच्याही मागे तपकिरी डोंगर असे दृश्य आहे. उजव्या कोपऱ्यात देवनागरीत सही असून आद्याक्षर ‘सा’सारखे वाटते, आडनावाचा मधला भाग पुसट आहे, शेवटचे ‘कर’ मात्र वाचता येते; सहीखाली ‘३६’ असा आकडा आहे. चित्रामागच्या पुठ्ठ्यावर गिरगावातील फ्रेमवाल्याची फाटकी चिठ्ठी आणि पेन्सिलीने लिहिलेले ‘११२’ दिसते. हे चित्र सावळाराम हळदणकरांचे असल्याचे घरात सारे मानतात. एका विक्रेत्यानेही तसेच सांगितले आणि जुना पुठ्ठा टाकून नवी फ्रेम करून घेण्याचा सल्ला दिला. चित्र खरोखर त्यांचेच आहे का, आणि ही जागा ठाण्याचीच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फ्रेमवाल्याकडे जाण्याचे तूर्त थांबवावे, ही पहिली विनंती, तिचे कारण पुढे येईलच. आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून स्थळाविषयी बरेच ठामपणे बोलता येते, चित्रकाराविषयी तितके नाही, म्हणून आधी स्थळ पाहू.

चित्रातील डोंगर डावीकडे झपाट्याने उतरून संपतो आणि उजवीकडे चौकटीच्या बाहेरपर्यंत लांबत जातो. ठाण्याच्या काठावरून आग्नेयेकडे पाहिले असता पारसिकचा डोंगर असाच दिसतो : मुंब्र्याच्या अंगाला त्याचे टोक खाली येते आणि दक्षिणेला तो बेलापूरच्या दिशेने पसरत जातो. हेच चित्र कळव्याच्या काठावरून काढलेले असते, तर पाठीमागे येऊरचे डोंगर आले असते, आणि ते अधिक दूर, अधिक निळसर व गावाच्या घरांमागे अर्धे झाकलेले दिसले असते. भाईंदरच्या खाडीचा विचार मनात येणे साहजिक असले तरी तेथील जुना रेल्वेपूल लोखंडी गर्डरांचा होता, दगडी कमानींचा नव्हे. ठाण्याच्या खाडीवर रेल्वेचा पूल बांधला गेला तो १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाल्यानंतर, मार्ग कल्याणकडे नेताना. १८५४ मध्ये गाडी कल्याणपर्यंत गेली. कळव्याचा जुना रस्त्याचा पूलही दगडी कमानींचाच असल्यामुळे या दोहोंत घोटाळा होऊ शकतो, परंतु पुलाच्या माथ्यावरून एका रेषेत मागे रेंगाळणारा धूर आगगाडीचाच समजावा. तेव्हा चित्रकार पुलाच्या उत्तरेला, जुन्या किल्ल्याच्या म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या बाजूच्या काठावर बसला होता, असे मला वाटते. डोंगराच्या आपल्याकडील अंगावर पिवळट ऊन पडले आहे, म्हणजे वेळ दुपारनंतरची. उघडा चिखल ओहोटी सांगतो, आणि डोंगराचा तपकिरी रंग पावसाळा सरून बरेच दिवस लोटल्याचे सांगतो.

आता त्या धुराकडे पुन्हा वळू, कारण ‘३६’ या आकड्याशी त्याचा मेळ बसत नाही. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली आणि १९३० च्या सुमारास पुण्याकडचा व इगतपुरीकडचा, असे दोन्ही मुख्य मार्ग विजेवर आले. त्यानंतर ठाण्याच्या पुलावर वाफेचे इंजिन अगदीच दिसत नसेल असे नव्हे, पण १९३६ साली समोर बसून काढलेल्या चित्रात ते नेमके यावे आणि विजेच्या तारांचा एकही खांब येऊ नये, ही गोष्ट मनाला पटत नाही. आपण पाठवलेल्या मोठ्या छायाचित्रात पहिल्या अंकाचे खालचे वळण बाकी अंकापेक्षा फिके आणि खरखरीत दिसते. कोरड्या कुंचल्याचा फटकारा कागदाच्या दाण्यावर घसरला की ‘२’चा ‘३’ भासू शकतो. भिंगाखाली तो अंक ‘२’ ठरला, तर साल १९२६ निघेल आणि धुराचाही प्रश्न सुटेल. तो ‘३’च ठरला, तर हा आकडा सालाचा नसून चित्रकाराच्या स्वतःच्या अनुक्रमाचा असण्याची शक्यता जमेस धरावी लागेल.

हळदणकरांच्या नावाकडे मी सावधपणे पाहतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे जलरंगावर असामान्य हुकमत असलेले चित्रकार, यात वाद नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हाताने आडोसा करून दिवा धरलेल्या तरुणीचे त्यांचे जलरंगचित्र पाहायला लोक मुद्दाम जातात. परंतु त्यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि तेथे अनेक विद्यार्थी घडले. पाण्याचे पातळ, स्वच्छ हात देणे आणि शिडासाठी कागदच पांढरा राखणे ही आपल्या चित्रातील लकब गुरूची असू शकते, शिष्याची असू शकते, तशीच सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या तिसऱ्याच कोणाचीही असू शकते. शैलीवरून घराणे कळते, हात कळतोच असे नाही. उरला सहीचा शेवट, तर ‘कर’ने संपणारी आडनावे कोकणात वाडीवाडीला सापडतात! निसर्गचित्रांसाठी गाजलेले परांडेकरही त्यातलेच. त्यांची आद्याक्षरे जुळत नाहीत म्हणून ते वगळायचे, एवढेच.

म्हणूनच पाठीमागच्या ‘११२’ला माझ्या लेखी सहीपेक्षा अधिक मोल आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ मध्ये. अशा संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांसाठी छापील सूच्या निघत आणि त्यांत चित्राचा क्रमांक, शीर्षक, चित्रकाराचे नाव व बहुधा किंमतही दिलेली असे. अंक भिंगाखाली तपासून झाला की त्या सालाची आणि त्याच्या आगेमागेची सूची मिळवून ११२ क्रमांकापुढील नाव पाहावे. बॉम्बे आर्ट सोसायटीचे कार्यालय आता वांद्र्यास आहे. तेथे आणि सर ज. जी. कलाशाळेच्या ग्रंथालयात लेखी चौकशी करावी, सोबत सहीचे व पुठ्ठ्याचे छायाचित्र जोडावे. क्रमांकापुढे खाडीचे किंवा ठाण्याचे शीर्षक असले आणि नाव ‘कर’ने संपत असले, तर आपले काम जवळजवळ झाले. नुसता क्रमांक जुळणे पुरेसे नाही, कारण प्रत्येक मोठ्या प्रदर्शनात एक ११२ क्रमांक असणारच.

फ्रेमवाल्याच्या चिठ्ठीवर पत्ता किती उरला आहे तेही पाहावे. ‘मुंबई ४’ असा जुना विभाग क्रमांक असेल तर ही चौकट १९७२ पूर्वीची ठरते आणि सहा आकडी पिनकोड असेल तर त्यानंतरची. अर्थात चौकटीचे वय म्हणजे चित्राचे वय नव्हे. चित्रे पुन्हापुन्हा मढवली जातात.

पुठ्ठा जाणकाराकडूनच सोडवून घ्यावा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांच्या जतनाचे केंद्र आहे, तेथे सल्ला विचारता येईल. चित्र मोकळे झाले की कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली कारखान्याची खूण, शोधावे. आपल्या चित्राचा आकार पाहता तो इंपिरियल म्हणजे २२ × ३० इंची तावाचा अर्धा भाग असावा, त्यामुळे जलचिन्हही अर्धेच सापडेल. व्हॉटमन कागदाच्या जलचिन्हात पुष्कळदा सालही असते. चित्र त्या सालाआधीचे असू शकत नाही, नंतरचे मात्र कितीही असू शकते.

कडेचे तपकिरी ठिपके पाण्याने किंवा खोडरबराने काढण्याचा प्रयत्न घरी करू नये, जलरंग क्षणात उठतो. पुठ्ठा, चिठ्ठी आणि सुटलेले खिळेसुद्धा एका पाकिटात घालून चित्राबरोबरच ठेवावेत, आणि विक्रेत्याने हळदणकरांच्या नावाची पितळी पट्टी चौकटीवर ठोकून देऊ केली, तर सूची पाहून होईपर्यंत तिला नकार द्यावा.